अकरा नंबरच्या खाटेची बेल

पिपरी मेघेतल्या आमच्या कॉलनीत मला 'कॉम्प्युटरवाल्या ताई' म्हणतात. त्या नावाखाली मी आजवर लोकांचे प्रिंटर पाहिलेत, सातबारा काढून दिलेत, आणि एकदा एका काकूंचा मिक्सरही उघडलाय. पण प्रोग्रामर बाई दिवसभर नक्की काय करते, ते कोणाला नीट सांगता आलेलं नाही. मार्चमध्ये मी निवृत्त झाले. या अंकाच्या संपादक आमच्या समोरच राहतात. त्या गेटवरूनच म्हणाल्या, "शोभाताई, तुमच्या कामाचं लिहा काहीतरी. पण आम्हाला कळेल असं हं." बत्तीस वर्षांत ही अट मला कोणत्याही साहेबाने घातली नव्हती.

तर कळेल असं सांगते. माझ्या कामातला बराच भाग आवराआवरीचा होता.

प्रोग्राम चालू असतो तेव्हा तो लागतील तशा वस्तू तयार करत असतो. पडद्यावर दिसणारं एखादं कार्ड, एखादा फोटो, आत टिकटिकणारं एखादं घड्याळ. या वस्तूंना आम्ही ऑब्जेक्ट म्हणतो. प्रत्येक ऑब्जेक्ट मेमरीत थोडी जागा अडवतं. जागा मोजकीच असते, म्हणून काम झालं की ती मोकळी करावी लागते. मी नोकरीला लागले तेव्हा हे आम्हालाच हाताने करावं लागे. जागा मागायची, वापरायची, आठवणीने परत करायची. परत करायला विसरलं की मेमरी भरत जाऊन मशीन बसे. आणि घाईने लवकर परत केली तर त्याहून भलतं काही होई.

ते भलतं मी एकदा करून दाखवलेलं आहे. हिंगणघाटच्या एका शाळेला ओळखपत्रं छापायचा प्रोग्राम दिला होता. हुद्दा छापून व्हायच्या आधीच मी त्या हुद्द्याची जागा परत करून टाकली. प्रोग्राम मात्र तिथेच पाहत राहिला आणि तेवढ्यात तिथे दुसरं कोणी येऊन बसलं. शाळेतले सर्वांत जुने शिपाई पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. त्यांच्या ओळखपत्रावर नाव त्यांचं आणि खाली 'इयत्ता चौथी, तुकडी ब'. मुख्याध्यापकांनी ते कार्ड मला टेबलावर ठेवून दाखवलं. शिपाईकाका म्हणाले, "राहू द्या बाई, चौथी ब मंदीच बसत होतो मी." ते कार्ड त्यांनी परत दिलंच नाही.

पुढे अशा भाषा माझ्या हातात आल्या की हे काम यंत्रानेच आपल्याकडे घेतलं. मला सुरुवातीला जरा अपमानच वाटला. वीस वर्षं जे मी काळजीने करत आले होते, ते आता आपोआप होणार म्हणे. यंत्राची पद्धत साधी होती. प्रत्येक वस्तूला किती जणांनी धरलंय, ते मोजत राहायचं. कोणी नव्याने धरलं की आकडा एकने वाढवायचा, कोणी सोडलं की एकने कमी करायचा. आकडा शून्यावर आला, म्हणजे ही वस्तू आता कोणालाच नको आहे, की जागा मोकळी.

मी मनात म्हटलं, चला, आता आपल्या हातून चूक व्हायला काही उरलंच नाही. त्यानंतरच माझ्या हातून आयुष्यातली सर्वांत मोठी चूक झाली. तीच सांगायला हा लेख घेतलाय.

आमचं ऑफिस नालवाडीला, पिठाच्या चक्कीच्या वरच्या मजल्यावर. कीबोर्डवर नेहमी पांढरा थर. मालक प्रफुल्ल राऊत, माझ्याहून सतरा-अठरा वर्षांनी लहान, बोलायला गोड आणि 'होऊन जाईन ना' म्हणायला तयार. त्याने जवळच्याच एका खासगी रुग्णालयाचं काम आणलं. प्रत्येक खाटेला बेलचं बटण, आणि नर्सच्या टेबलावर एक टॅब. पेशंटने बटण दाबलं की टॅबवर कार्ड उघडायचं. त्यावर खाटेचा नंबर, पेशंटचा फोटो, आणि बेल देऊन किती मिनिटं झाली ते दाखवणारं छोटं घड्याळ. नर्सने जाऊन पेशंटला पाहायचं, परत येऊन कार्डावरचं 'पाहिलं' दाबायचं, की कार्ड जायचं. तोवर दुसरी कोणाची बेल आली तर ती रांगेत थांबायची.

आठवडाभर सगळे खूश होते. मग वॉर्डच्या इन्चार्ज रत्नमाला सिस्टरांचा फोन आला.

"मॅडम, तुमचा टॅब दुपारी झोपून राह्यला."

"झोपतो म्हणजे?"

"म्हणजे सकाळी चांगला चालते. बारा वाजले का हळू होते. एकच्या सुमारास बंद. आमच्या मामंजीसारखं."

"मग बंद झाला की पेशंट काय करतात?"

"त्याची सोय केली मी. तुमी काळजी नका करू."

दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेले तेव्हा ती सोय दिसली. प्रत्येक खाटेशी एक स्टीलची थाळी आणि चमचा. टॅब पेंगू लागला की पेशंट थाळी वाजवत. जिना चढतानाच मला वाटलं की वर पंगत बसलीय.

मी लॅपटॉप टॅबला जोडला आणि सात नंबरच्या खाटेशेजारी स्टुलावर बसले. खाटेवर तळेगावचे अण्णाजी बसले होते. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं, त्या दिवशी घरी सोडणार होते. स्वच्छ धोतर, टोपी, मांडीवर पिशवी, बूटही घातलेले.

"निघालात वाटतं?" मी विचारलं.

"सकाळी आठले निघालो," अण्णाजी म्हणाले. "पोचलो इथवरच."

त्यांची अडचण अशी होती. उरलेली औषधं परत मिळाल्याचा औषध विभागाचा शिक्का आल्याशिवाय वॉर्ड त्यांना सोडत नव्हता. आणि वॉर्डाची सुटीची चिठ्ठी पाहिल्याशिवाय औषध विभाग शिक्का देत नव्हता. त्यांचा मुलगा या दोघांमध्ये जिन्याने वर-खाली करत होता.

"तुमी कॉम्प्युटरवाल्या ना?" अण्णाजी म्हणाले. "मंग मले काढा इथून."

"ते माझ्या हातात नाही हो."

"मंग काय हाय तुमच्या हातात?"

माझं लक्ष लॅपटॉपवर गेलं होतं. टॅबच्या पडद्यावर एकच कार्ड होतं. मेमरीत मात्र दीडशेच्या वर कार्डं जिवंत होती, आणि तितकीच घड्याळं टिकटिकत होती. सकाळपासून दाबलेली प्रत्येक बेल आत तशीच बसून होती. त्यात तीन नंबरच्या खाटेचंही एक घड्याळ होतं. तो पेशंट नऊ वाजता सुटी होऊन घरी गेला होता, जेवूनही झोपला असेल. त्याचं घड्याळ इथे सांगत होतं, 'बेल देऊन दोनशे चार मिनिटं झाली.'

झालं होतं ते असं. कार्डाने घड्याळाला धरलं होतं, कारण काम झाल्यावर ते थांबवायचं असतं. घड्याळाने कार्डाला धरलं होतं, कारण दर मिनिटाला त्यावर आकडा लिहायचा असतो. सिस्टरांनी 'पाहिलं' दाबलं की पडदा कार्डाला सोडून देई. पण घड्याळाने कार्डाला धरलेलं, म्हणून कार्डाचा आकडा एक. कार्डाने घड्याळाला धरलेलं, म्हणून घड्याळाचाही आकडा एक. शून्य कोणीच होईना. मोजणाऱ्या यंत्राच्या हिशोबाने दोघंही कोणालातरी हवी होती, म्हणून ते जागा मोकळी करेना. प्रत्येक कार्डाबरोबर पेशंटचा भला मोठा फोटो, त्यामुळे एक वाजेपर्यंत मेमरी गच्च.

हे माझ्या डोक्यात उतरत होतं आणि शेजारी अण्णाजींचा मुलगा तिसऱ्यांदा धापा टाकत वर येऊन सांगत होता, "ते म्हणते आधी वॉर्डाची चिठ्ठी." मला हसू आवरेना. अण्णाजींना ते आवडलं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. मी उठून रत्नमाला सिस्टरांना म्हटलं, तुमच्यापैकी एकाने तरी सोडा. त्यांनी कपाळावर हात मारला, साध्या कागदावर चिठ्ठी लिहून सही ठोकली आणि मुलाच्या हातात दिली. अण्णाजी पाच मिनिटांत सुटले. जाताना मला म्हणाले, "पाहा, होतं ना हातात."

माझ्या दुखण्यावरचा उपायही फार लांबचा नव्हता. आमच्या धंद्यात एक सोय असते, वीक रेफरन्स. म्हणजे वस्तूचा पत्ता ठेवायचा, पण तिला धरायचं नाही. मोजणीत तो धरत नाहीत. घड्याळाला सांगायचं की कार्ड कुठे आहे ते तुला ठाऊक असू दे, पण तुझ्यापायी ते अडकायला नको. ते गेलं तर तुझ्याजवळच्या पत्त्यावर तुला रिकामं दिसेल, मग तूही थांब. मी एक शब्द बदलला. त्या दिवशी एक वाजला, दोन वाजले, चार वाजले, टॅब टक्क जागा. सिस्टरांनी मला चहा पाजला.

इथेच थांबले असते तर लेख इथेच संपला असता, आणि बराही वाटला असता.

पण मला चव लागली. नालवाडीला परत येऊन मी सगळा प्रोग्राम उघडला आणि जिथे जिथे कोणी कोणाला धरलेलं दिसलं तिथे तिथे वीक करत सुटले. नव्याने मोदक जमू लागलेली बाई जसे वर्षभर दर चतुर्थीला, आणि मधल्या वारीही, मोदकच करते, तसं माझं झालं होतं. मेमरी इतकी कमी लागू लागली की मी राऊतला बोलावून आकडा दाखवला. तो म्हणाला, "ताई, तुम्ही ग्रेट आहात," आणि मी ते खरं मानलं.

आम्ही तपासून पाहिलं होतं. नाही असं नाही. पण ऑफिसात तपासायला बेलचं बटण एकच होतं. ते दाबायचं, कार्ड यायचं, 'पाहिलं' म्हणायचं, कार्ड जायचं. शंभरदा दाबलं, शंभरदा चाललं.

नवा प्रोग्राम टॅबमध्ये घालून मी सिस्टरांना म्हटलं, "आता त्या थाळ्या जमा करा. बरं दिसत नाही."

"राहू द्या ना मॅडम. काय खातेत-पितेत त्या?"

"अहो, मग आमच्या सिस्टीमवर तुमचा विश्वास नाही असं होतं."

त्यांनी थाळ्या गोळा करून कपाटात ठेवल्या. मी स्वतः मोजून घेतल्या, चौदा.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला अकरा नंबरच्या दुर्गाबाई बाथरूमच्या दारात पडल्या. सत्तरीच्या पुढच्या, आर्वीकडच्या, पोटाच्या ऑपरेशनला दोनच दिवस झालेले. उजवं मनगट मोडलं. टाके वाचले, ते नशीब.

राऊतने फोनवर सांगितलं तेव्हा आधी त्याचा आवाज ठीकच होता. "आपलं काही नाही ताई. बेल चांगली आहे. म्हातारीनं दाबलीच नाही, एकटी उठली. तिची सूनच म्हणते, आजकाल तिच्या ध्यानात राहत नाही."

"आणि त्या काय म्हणतात?"

"ती म्हणते तीनदा दाबली. टॅबवर एकदाही आली नाही."

मी ऑटो करून गेले. वॉर्डाच्या दाराशी भिंतीवर एक डबी असते. सगळ्या बटणांचे इशारे आधी तिच्यात येतात आणि तिथून टॅबला जातात. डबी स्वतःपुरती नोंद ठेवते. मी ती वाचली. चार नंबर, दहा वाजून बावन्न. अकरा नंबर, दहा चोपन्न. अकरा नंबर, दहा सत्तावन्न. अकरा नंबर, अकराला एक मिनिट कमी.

तीनदा.

चार नंबरच्या पेशंटला उलट्या होत होत्या. सिस्टर तिथे अडकल्या होत्या, त्यामुळे टॅबवर चार नंबरचं कार्ड तसंच उघडं होतं. दुर्गाबाईंची बेल आली ती रांगेत थांबली. पण रांगेलाही मी वीक करून ठेवलं होतं. रांगेला बेलचा पत्ता माहीत होता, धरलं मात्र कोणीच नव्हतं. यंत्राने मोजलं, आकडा शून्य. म्हणजे कोणालाच नको. त्याने जागा मोकळी केली. तिन्ही वेळा. सिस्टरांनी परत येऊन 'पाहिलं' दाबलं तेव्हा प्रोग्रामने रांगेत पाहिलं, तिथे रिकामं दिसलं, आणि तो गप्प बसला. रिकामं दिसलं तर गप्प बस, ही ओळही माझीच. आधीच्या तीन दिवसांतही अशा बेल गळाल्या असणार, पण लोकांनी थोड्या वेळाने परत दाबल्या असतील. प्रोग्राम निदान बंद तरी पडला असता तर कोणाच्या लक्षात आलं असतं. तो छान चालू होता.

मी डबीसमोर उभी होते.

राऊत आला. मी त्याला नोंद दाखवली. त्याने ती दोनदा वाचली. मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "ताई, नेटवर्क गेलं होतं म्हणू. वर्ध्यात नेटवर्क जाते, हे तर सगळ्यायले माहीत आहे. कोणाले दोष नाही, काही नाही."

त्याला वाईट म्हणू नका. आमच्याकडे रुग्णालय हे एकच काम होतं, आणि भीती मलाही वाटत होती. मी म्हटलं, "प्रफुल्ल, त्या बाईला सगळे खुळी ठरवताहेत."

"माहीत आहे."

"नेटवर्क म्हटलं तरी तिने दाबली होती का नाही, हा प्रश्न राहतोच."

त्याने खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, आणि म्हणाला, "मग तुम्हीच बोला. माझ्यानं नाही होणार. मी सोबत उभा राहतो."

आधी आम्ही रुग्णालयाच्या मुख्य डॉक्टरांकडे गेलो. ते ऐकून घेऊन रागावले. जसं रागवायला हवं तसंच. टॅब तिथल्या तिथे बंद झाला. सिस्टरांनी कपाट उघडलं आणि थाळ्या खाटोखाटी ठेवत गेल्या. त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

दुर्गाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. प्लास्टर केलेला हात पोटावर. शेजारी सून फळं चिरत होती.

"दुर्गाबाई, मी तो बेलचा प्रोग्राम लिहिला. तुम्ही बेल दाबली होती. तीनदा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हनलं?"

"तीनदा दाबली होती तुम्ही. आत नोंद आहे. आमच्या कॉम्प्युटरने ती पुढे पाठवली नाही. चूक माझी आहे."

मला वाटलं होतं रडतील, किंवा शिव्या देतील. त्यांनी डाव्या हाताने सुनेच्या दंडाला टोचलं. "आयकलं?"

सुनेने सुरी खाली ठेवली. "हो आई."

"काय आयकलं?"

"तुम्ही तीनदा दाबली."

"सकाळी काय म्हनत होती?"

सुनेने सुरी परत उचलली. दुर्गाबाईंनी तिला फार ताणलं नाही. मग माझ्याकडे वळल्या. "काऊन नाई पाठवली वं? तुमच्या मशीनले माहा आवाज नाई आवडला?"

मी त्यांना सगळं सांगायला लागले. रांग, धरणं, सोडणं, आकडा. त्यांनी अर्ध्यातच थांबवलं. "ते ऱ्हाऊ द्या. चार वाजता भेटाले येतेत लोकं. सकाळपासून गावात फोन गेले का म्हातारी भरमली. आता मी एकटी कोनाकोनाले सांगू? तुमी बसा इथंच."

मी बसले. चारला लोक यायला लागले. आधी मुलगा, मग जावई, मग शेजारच्या दोघी, मग भावकीतले चौघं एकदम. प्रत्येकजण विचारे, "काय झालं?" आणि दुर्गाबाई डाव्या हाताने माझ्याकडे बोट दाखवत, "त्यायले इचारा." मी सांगे. राऊत दाराशी संत्र्यांची पिशवी धरून उभा होता. ती कोणाला द्यायची हे त्याला शेवटपर्यंत सुचलं नाही.

पहिल्यांदा मला सांगायला दहा मिनिटं लागली. तिसऱ्या वेळी पाच. मेमरी आणि ऑब्जेक्ट जावयापाशीच गळाले. भावकीतल्या एका काकांना वीक रेफरन्समध्ये जरा रस वाटला, पण दुर्गाबाईंनी त्यांना गप्प केलं. शेवटच्या माणसापर्यंत माझं सांगणं इतकंच उरलं, "बाईंनी बेल दाबली होती. तीनदा. आमच्या रांगेने ती धरून ठेवली नाही. चूक माझी." संपादकबाईंना हवं होतं तसं, कळेल असं.

रांगेला मी पुन्हा धरायला लावलं. यावेळी राऊतने चौदाच्या चौदा बटणं ऑफिसच्या टेबलावर मांडली, आणि आम्ही दोघांनी दोन्ही हातांनी ती एकदम दाबून पाहिली. खालून चक्कीवाला वर येऊन विचारून गेला की काय चाललंय. आठवड्यानंतर टॅब परत वॉर्डात लागला. डॉक्टरांनी अट घातली की पहिले सात दिवस मी तिथे बसायचं. मी बसले. थाळ्या आजही तिथे आहेत, आणि मी त्याबद्दल काही बोलत नाही.

पण ते पुढचं. त्या दिवशी भेटायची वेळ संपली, सिस्टरांनी सगळ्यांना बाहेर काढलं, आणि मीही उठले. घसा बसला होता. "येते मी," म्हटलं.

दुर्गाबाईंनी मला जवळ बोलावलं. प्लास्टर सांभाळत थोड्या पुढे झुकल्या.

"उद्या चारले येजो," त्या म्हणाल्या. "उद्या माही बहीन येनार हाय. तिचा कोनावरच इस्वास नाई."